तूरडाळीचा कॅमेरा

पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाशी ज्याचं व्यक्तिगत भांडण आहे असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातं तसं बिनजोखमीचं. भावाशी वाटण्या होतात, मेहुण्याची मर्जी राखावी लागते. साडूशी आपला संबंध एवढाच, की एकाच सासऱ्याने दोघांच्या बाबतीत सारखाच धोका पत्करलेला असतो. आमचे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहापुरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. हाती येईल ती वस्तू ते आधी तळहातावर जोखतात आणि मग ती काय आहे ते पाहतात. लग्नपत्रिका आली की वधूवरांची नावं वाचण्याआधी "केवढा जाड कागद लावलाय, कशाला?" असं म्हणून ती माझ्या हातात देतात, मलाही तो भार सोसायला लागावा म्हणून. एकदा आमच्या घरी बारसं होतं. साडूंनी बाळ हातात घेतलं, डोळे मिटले, दोनदा अलगद वरखाली केलं. बाळाच्या आईला वाटलं, काका आशीर्वाद देताहेत. तिने पदर सारखा करून मान झुकवली. साडूंनी डोळे उघडून बाळाचं वजन सांगितलं. ते दवाखान्यातल्या काट्याशी तंतोतंत जुळलं, पण त्या मुलीने पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

अशा माणसाची सगळी नोकरी भातसा धरणावर व्हावी, हा नशिबाचा विनोद. भातसानगरच्या वसाहतीत राहून ते धरणाचे नकाशे काढत. पेन्सिलीला इतकं बारीक टोक करत, की ते दिसत नसे, फक्त टोचत असे. धरण हा जगातला एकच जड पदार्थ त्यांना मंजूर होता. "धरण आपल्या वजनावर उभं असतं, साडूभाऊ," ते सांगत. "त्याचं वजन काढून घ्या, शहापूर वाहून जाईल नि मुंबई तहानेनं मरेल. बाकी जगात वजनाचं काही काम नाही. लोक उगाच वागवतात." हे बोलताना त्यांची नजर हमखास माझ्या पोटाकडे जाई.

आणि अशा माणसाने छंद धरला तो फोटोग्राफीतल्या सगळ्यांत जड शाखेचा. त्याला कारण धरणच. कचेरीत बांधकामाच्या वेळचे जुने फोटो होते, मोठ्या निगेटिव्हवर काढलेले. त्यांवर भिंग धरलं, की भिंतीवर उभ्या असलेल्या मजुराच्या मुंडाशाची गाठसुद्धा दिसे. साडू जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्या गाठी पाहत बसत. मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला की त्याचा लापशीचा गोळा होतो. हा फोटो जितका जवळून पाहावा तितका खोल जातो, एवढं त्यांना कळलं आणि तिथेच ते वाया गेले. या जातीच्या कॅमेऱ्यात फिल्मचा रोल नसतो. पोस्टकार्डाएवढी एकेक सुटी फिल्म घालायची. पुढे लेन्स, मागे दुधी काच, मधे लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. डोक्यावर काळं कापड घेऊन त्या काचेवर पाहायचं, तर समोरचं जग डोकं खाली, पाय वर असं दिसतं. राजकारण समजायला हा कॅमेरा फार उपयोगी आहे, असं मी एकदा म्हणालो. साडूंनी ते मनावर घेतलं नाही.

पहिला कॅमेरा त्यांना कल्याणच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मिळाला. तो लोखंडी पेटीत होता, आणि पेटी व कॅमेरा यांत जड कोण हे शेवटपर्यंत ठरलं नाही. त्याच सुमारास आमच्या सासुरवाडीला कारवी फुलली. वैशाखऱ्याच्या वर डोंगरात एक पाडा आहे, तिथली आमची दोघांची सासुरवाड. कारवी हे तिथल्या उतारांवरचं झुडूप. सात वर्षं नुसतं हिरवं राहतं, मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळा डोंगर एकदम जांभळा करतं आणि मरतं. वाळलेल्या काठ्या तोडून पाड्यावरचे लोक घराला कूड घालतात, म्हणजे भिंती विणतात. तो जांभळा डोंगर साडूंना आपल्या कॅमेऱ्यात हवा होता. निम्मा चढ चढल्यावर ते एका कातळावर बसले ते बसलेच. गुडघ्याने जाहीर संप केला. वरून सासरे काठी टेकत उतरून आले, पेटी पायाने ढकलून पाहिली, ती हलली नाही, तेव्हा हसले. म्हणाले, "जावईबापू, कारवी काय पलून जातेय? सात वर्षांनी येलच परत. तवा हलकं यंत्र आना. पन फोटू असा काढा का फूल न् फूल मोजता आलं पायजे." साडूंनी तिथेच, कातळावर बसल्या बसल्या, शब्द दिला. पुढच्या फुलोऱ्याला, याच डोंगराचा, फूल न् फूल.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी सासरे गेले. शब्द मात्र राहिला, आणि दिलेला शब्द हीच एक जड वस्तू आहे जी आमच्या साडूंना कुठे खाली ठेवता आली नाही.

वर मर्यादा घातली डॉक्टरांनी. गुडघ्याचा फोटो उजेडात धरून ते म्हणाले, "चढायचं तर चढा, पण पाठीवर ओझं पहिलीतल्या पोराच्या दप्तराएवढंच. त्याच्यावर नाही." डॉक्टरांनी हे सहज म्हटलं असेल. साडूंना सहज म्हटलेलं कळत नाही. ते घरी आले, शेजारच्या पहिलीतल्या मुलीचं दप्तर तिच्या आईकडून मागून घेतलं आणि काट्यावर ठेवलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं. मग माझ्याकडे धावत आले. इतका आनंदित माणूस मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. "साडूभाऊ, शिक्षणपद्धतीचे उपकार झाले! एवढ्यात कॅमेरा, लेन्स, तिपाई सगळं बसेल, वर पाण्याची बाटली!" देशातल्या शिक्षणाने कुणाचं तरी ओझं हलकं केल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव उदाहरण.

मग निवड सुरू झाली. लाकडी घडीचा कॅमेरा, धातूचा, कार्बनचा. प्रत्येकाचा पक्ष घेणारे लोक इंटरनेटवर होते आणि ते एकमेकांशी भाऊबंदकीतल्या लोकांसारखे भांडत होते. धातूचा घट्ट, पण जड. कार्बनचा हलका, पण साडूंच्या मते त्याला 'चेहरा नाही'. लाकडी हलका आणि देखणा, पण पावसाळी हवेत दारासारखा फुगला तर? एकेक मॉडेल ते महिनोन्महिने मनात वागवत आणि मग एके सकाळी, मुलीचं स्थळ मोडल्याच्या आवाजात, "त्याचा भाता लहान आहे" असं सांगत. कागदावरच्या वजनावर त्यांचा विश्वास नव्हता. खांद्याला काय वाटतं ते महत्त्वाचं. म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचा हुबेहूब कॅमेरा बनवला, आत नेमक्या वजनाची तूरडाळ भरली, तो पाठीवर बांधला आणि रोज सकाळी फिरायला जाऊ लागले. जुन्या ओळखीच्या ओढीने ते आठवड्यातून एकदा तरी भातसानगरला जात आणि धरणाच्या रस्त्यावर तो डाळीचा कॅमेरा घेऊन चालत. ओळखीचे थांबवून विचारत, "काय साहेब, आत काय?" साडू खोटं बोलत नाहीत. "तूरडाळ," ते सांगत आणि पुढे जात. वसाहतीत काही दिवस त्यांच्या तब्येतीची चौकशी जरा हळू आवाजात होत असे.

एका सकाळी ते नाचत आले. खांदा दुखला नाही, दम लागला नाही, गुडघा कुरकुरला नाही. "शरीर तयार होतंय, साडूभाऊ!" दुसऱ्या दिवशी तर आणखी हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, की याच गतीने गेलं तर लेन्स एकाऐवजी दोन नेता येतील. त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. आमटी सुरेख झाली होती. मी तसं म्हणालो, तर अक्का, म्हणजे त्यांची बायको, सहज म्हणाली, "होल का नाय? डाळ चांगली हाय. घरातली संपली म्हनून दोन-तीन दिस कॅमेऱ्यातली काढतेय."

साडूंनी घास परत ताटात ठेवला. ते उठले, पुठ्ठ्याचा कॅमेरा हलवून आले. "भाता खाल्लात तुम्ही," ते खिन्नपणे म्हणाले. "भाता आणि लेन्सचा बराच भाग."

"मग वाढू का थोडी तिपाई?" अक्काने पळी पुढे करत विचारलं.

अक्काबद्दल सांगायला हवं. ती त्या पाड्यावर वाढली. लग्नाआधी दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन ती तोच चढ चढत असे, आणि वर एखादी मैत्रीण भेटली तर हंडे न उतरवता गप्पा मारत उभी राहत असे. तिच्यासमोर तिचा नवरा ग्रॅमचा हिशोब करी. तिने या छंदाला कधी नावं ठेवली नाहीत. तिचं धोरण घरात मांजर पाळावं तसं होतं. आपलं आपण खेळतंय ना, खेळू दे.

कॅमेऱ्यापेक्षा लेन्सने जास्त छळलं. न्यायची एकच, पण कुठली? सगळा डोंगर मावेल अशी रुंद नजरेची, की माणसाच्या डोळ्याला जेवढं दिसतं तेवढंच घेणारी? साडूंनी पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापली, तिला दोरा बांधला आणि दोऱ्याला गाठी मारल्या. पहिली गाठ गालाशी धरून खिडकीतून पाहिलं की रुंद लेन्सला काय दिसेल ते कळतं, पुढची गाठ धरली की मधलीला. ही खिडकी गळ्यात अडकवून ते वर्षभर हिंडले. मुरबाडला एका लग्नात त्यांनी अक्षता टाकायच्या ऐवजी खिडकीतून मांडव पाहिला आणि नवरदेवाच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, की व्याही जरा डावीकडे सरकले तर चित्र पुरं होईल. व्याही सरकले. मुलाकडचं कुणीतरी सांगतंय म्हटल्यावर ते गावाबाहेरही सरकले असते.

मुरबाडचीच आणखी एक गोष्ट. तिथल्या एका सभागृहात निसर्गचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं, उद्घाटनाला कुणी नामवंत छायाचित्रकार आले होते. अंगात असंख्य खिशांचं जाकीट, गळ्यात दोन कॅमेरे. सभागृहात काय टिपणार होते कोण जाणे. शाल झाली, श्रीफळ झालं, परिचय झाला. परिचय करून देणाऱ्याने पाहुण्यांच्या आधी स्वतःचा करून दिला. मग पाहुणे बोलले. मी प्रकाशाला शोधत नाही, प्रकाश मला शोधत येतो, असं काहीसं. मी पाहिलं, प्रकाश त्या वेळी शेजारच्या मिठाईच्या दुकानावर पडला होता. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. साडू उठले आणि पोटतिडकीने विचारलं, "आपण एवढे डोंगर चढलात, तर पाठीवर वजन किती असतं?" पाहुणे प्रसन्न हसले. म्हणाले, सामान नेणारी माणसं असतात. साडू खाली बसले. परतीच्या वाटेवर सरळगाव येईपर्यंत ते बाहेरचे डोंगर पाहत राहिले. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे त्यांनी डोंगर पाहिलाच नाही."

अखेर लेन्स ठरली, माणसाच्या नजरेएवढं पाहणारी. "सासरे पडवीत बसून जेवढं पाहायचे तेवढंच घ्यायचं," हे त्यांचं कारण. ती सगळ्यांत लहान होती हेही असावं. लेन्स टपालाने आली त्या दिवशी ती घेऊन ते बाजारातल्या सोनाराकडे गेले, कारण घरच्या काट्यावर त्यांचा आता भरवसा नव्हता. सोनाराने ती मखमलीच्या तबकात ठेवली, वजन सांगितलं आणि सवयीने विचारलं, "मोडायचीय का?" कॅमेरा लाकडी आला, चेरीच्या लाकडाचा, जपानमधल्या कुणा म्हाताऱ्याने वापरलेला. घडी घातली की जेवणाच्या डब्याएवढा. साडूंनी तो तळहातावर घेतला, डोळे मिटले, आणि बाळाच्या वेळी जो द्यायचा राहिला होता तो आशीर्वाद त्याला दिला असावा, असं त्यांचं तोंड झालं.

तेवढ्यात वरून मेहुण्याचा फोन. अक्काचा हा धाकटा भाऊ सासऱ्यांच्या मागे त्या घरात राहतो, भात आणि नाचणी करतो. "दाजी, कारवीनं कल्या धरल्यान. आता या. नायतर बसा मंग सात वर्षां."

साडूंनी शेवटची काटछाट सुरू केली. दात घासायच्या ब्रशची दांडी कापली. कंगवा अर्धा केला. चष्म्याची डबी घरी ठेवली. मिशी काढली. वजनासाठी नव्हे, असं ते म्हणतात. काळं कापड जाड नको म्हणून छत्रीचं विरविरीत कापड शिवून घेतलं. तिपाई आधीच काडीसारखी, तरी तिच्या मध्यभागी खाली एक लोखंडी आकडा होता, तो त्यांच्या डोळ्यांत खुपू लागला. करवत लावली. पातं मोडलं. नवं आणायला दुकान बंद. आकडा वाचला.

आम्ही तिघे निघालो. आमच्या हिला बरं नव्हतं, ती राहिली. मला साडूंनी मत न देण्याचं काम दिलं होतं. वैशाखऱ्याला जीपमधून उतरलो तेव्हा पहिल्यांदा त्यांचं लक्ष अक्काच्या पिशवीकडे गेलं. मोठी कापडी पिशवी, खाली लोंबलेली. त्यांनी ती जोखायला हात पुढे केला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय आहे?"

"नारल. देवाचे. भावजयीला लुगडं. गूल. काकड्या. आनि थोडं सुकट."

"नारळ वर मिळत नाहीत?"

"देवाला उसना नारल देऊ? अवो, माहेरी रिकाम्या हातानं जायाची रीत हाय का आमच्यात?"

घ्यायला आलेला मेहुणा म्हणाला, "दे गो ताय, मी घेतो."

"व्हय बाजूला. माहेरवाशिनीचा नारल माहेरवाशिनीनंच न्यायाचा."

या नारळाची तिथे आणखी एक रीत आहे. तो देवापाशी पोचेपर्यंत भुईला टेकवायचा नाही. त्यामुळे चढताना जिथे जिथे साडू बसले तिथे तिथे अक्का आधी पिशवी अडकवायला फांदी शोधे, मग टेके. साडूंच्या पाठीवर पहिलीतल्या पोराचं दप्तर, अक्काच्या हातात निदान दहावीतल्या पोराचं. ती पुढे, हे मागे. जुन्या कातळापाशी आलो. साडू थांबले, कातळाकडे पाहिलं, त्याच्यावर बसले नाहीत. हाताने थोपटून पुढे गेले.

वर पोचलो. समोरचा सगळा उतार जांभळा. मधून ढगाचा पदर जाई, जांभळा पुसट होई, परत उजळे. मधमाश्यांचा असा गुणगुणाट, की डोंगरच आतून बोलतोय. उताराच्या पायथ्याशी सासऱ्यांचं घर, जुना कूड, समोर पडवी. मेहुण्याने विटांची खोली मागे बांधली, पण पुढचा कूड तसाच ठेवलाय.

"आधी फोटो," साडू म्हणाले. "उजेड आहे तोवर." समोरच्या उघड्या टेपाडावर त्यांनी तिपाई उभी केली, कॅमेरा उघडला, भाता ताणला. आणि घाटाकडून वारा आला.

सात वर्षं ज्या माणसाने ग्रॅम ग्रॅम करून वजन काढलं, त्याच्या यशाचा तो क्षण होता. सगळं इतकं हलकं झालं होतं की जागेवर राहायला तयार नव्हतं. भात्यात वारा भरला, तिपाई बगळ्यासारखी एका पायावर आली. साडूंनी ती धरली तेवढ्यात छत्रीचं कापड त्यांच्या डोक्यावरून सुटलं आणि कावळ्यासारखं दरीवर तरंगत वैशाखऱ्याच्या दिशेने गेलं. मेहुण्याने भुरभुर पावसासाठी आणलेलं इरलं, लावणीच्या वेळी डोक्यापासून पाठ झाकतं ते काळ्या प्लास्टिकचं, बांबूच्या कामट्यांचं, त्यांच्यावर पालथं घातलं. अंधार झाला. पण आत काचेवर डोंगर थरथरत होता.

"दाजी, दगूड बांदू का खाली?"

"दगड?" इरल्यातून आवाज आला. "सात वर्षं मी वजन काढतोय, आणि आता दगड बांधू?"

वारा थांबेना. ढग खालून चढू लागले होते. एकदा ते आले की त्या दिवसाचा उजेड संपला, आणि मेहुणा म्हणत होता की उद्या-परवा पाऊस लागला तर फुलं झडतील. साडू दोन्ही हातांनी तिपाई धरून उभे होते, आणि त्यामुळे बटण दाबायला त्यांच्याजवळ हात नव्हता. इरल्याखालून फक्त त्यांचे पाय दिसत होते, पण पायांवरूनही माणूस रडवेला झालेला कळतो.

टेपाडावर झाड नव्हतं. अक्काचा हात अवघडला होता. तिने इकडे तिकडे पाहिलं, तिपाईखालचा लोखंडी आकडा पाहिला, आणि कुणाला काही न विचारता पिशवी त्याला अडकवली.

"अगं, काय करतेस!" इरल्यातून किंकाळी आली.

तिपाई स्थिर होती. वारा तोच, पण कॅमेरा डोंगराएवढा निश्चल. खाली नारळ, गूळ, काकड्या, लुगडं आणि सुकट, जमिनीपासून वीतभर वर, शांत लोंबत होते.

"साडूभाऊ," आतून अगदी बारीक आवाज आला, "धरण कशावर उभं असतं?"

मला मत न देण्याचं काम होतं.

"तू ये," ते अक्काला म्हणाले. "बघ." अक्का पदर खोचून इरल्यात शिरली. एका इरल्याखाली चार पाय पाहून मेहुणा म्हणाला, "दाजी, लगीन झालंय ना तुमचं?" मग अक्काचा आवाज आला, "अगो बाय! आख्खा डोंगर आभालाला टांगलाय." थोड्या वेळाने, हळू, "बाबांची पडवी वर गेलीया. रिकामी हाय."

"तिथे बसायचे," साडू म्हणाले.

"तितनंच बगायचे ना आपली वाट."

साडूंनी बाहेर येऊन काचेपुढे फिल्मची चौकट सरकवली. वारा क्षणभर पडला, फुलं थांबली. टिच् असा आवाज झाला. सात वर्षांच्या प्रपंचाला एवढासा आवाज.

साडूंनी फिल्मची चौकट उलटी केली. वजनासाठी एकच चौकट आणली होती, दोन बाजूंना दोन फिल्म. तोवर अक्काने पिशवी काढलीसुद्धा. "झालं ना? देव खोलंबलाय." तिपाई पुन्हा थरथरली. मेहुणा दगड आणायला वळला. सात वर्षांत पहिल्यांदाच साडूंची दगडाला हरकत नव्हती, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण ते पाहत होते ते पडवीकडे चाललेल्या अक्काकडे, तिच्या कलत्या खांद्याकडे. "राहू दे रे," ते म्हणाले. "ही एक पुढच्या फुलोऱ्याला." ढग वर आले.

आता तो फोटो सासऱ्यांच्या पडवीत आहे, कुडाच्या भिंतीवर, दाराएवढा. मेहुण्याने जवळ एक भिंग दोरीला बांधून ठेवलंय. दिवाळीला गेलो तर तो नाक लावून उभा होता. काय करतोस विचारलं, तर म्हणाला, "मोजतोय. बाबा बोलल्यालं ना." डाव्या कोपऱ्याच्या वर तो अजून गेलेला नाही, मध्येच कुणीतरी हाक मारतं आणि परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ती दुसरी फिल्म शहापुरात फ्रिजमध्ये आहे, लोणच्याच्या बरणीमागे. थंडीत ठेवली की टिकते म्हणतात. किती, ते कुणी सांगत नाही. डोंगरावर कारवी वाळली, कुडाला तोडली गेली, बी पडलं.

मला वाटलं होतं, आता साडू निवांत होतील. परवा बाजारात गेलो तर ते नारळवाल्यापाशी उकिडवे बसले होते. दोन्ही हातांत दोन नारळ, डोळे मिटलेले. एक ठेवत, दुसरा उचलत, कानाशी हलवून पाणी ऐकत. नारळवाला टेकीला आला होता. "काका, लोकं जड बघून घेतात. तुमी हलका काय मागताय? आनि घेनार कधी?"

"आत्ता नाही. पण आतापासून बघून ठेवलेला बरा," साडू म्हणाले. "पाणी भरपूर पाहिजे, देवाचा आहे. पण हलका. तिला तो डोंगरावर चढवायचा असतो."

मी मागे उभा होतो, ते त्यांना कळलं नव्हतं. मी हाक न मारता निघून आलो.